धुक्यातली तिसरी हाक

आमच्या घरात धुक्याचे दोन कायदे होते. एक आत्याचा आणि एक आईचा. आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, आणि वडील मुंबईला गिरणीत असल्यामुळे घराचा सगळा कारभार तिच्याकडेच होता. त्यामुळे कायदा चालायचा तो तिचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. आषाढ-श्रावणात तिथे असं धुकं उतरतं की अंगणात बांधलेली गाय दिसत नाही, नुसतं तिचं हुंगणं ऐकू येतं. अशा धुक्यात कुणी हाक मारली तर आत्याचा नियम ठरलेला होता. पहिल्या हाकेला गप्प बसायचं, दुसरीला कान द्यायचा आणि तिसरी आली तरच ओ द्यायची. "मानूस तीन येळा हाक मारतो. चकव्याच्या अंगात येवढा दम नसतो," असं ती म्हणायची. चकवा म्हणजे ओळखीच्या आवाजात बोलावून माणसाला कड्यावर नेणारं भूत. वाडीतला एक गडी म्हणे असाच पहिल्या हाकेला ओ देऊन निघाला, तो दुसऱ्या दिवशी कड्याखाली सापडला. तो गडी रोज संध्याकाळी हातभट्टीची टाकून हिंडायचा, हे मात्र गोष्टीत कधी येत नसे. ते मला वाडीतल्या इतरांकडून कळलं.

आईचं माहेर तुडील, सावित्रीच्या खाडीकाठचं. तिथे धुकं पडतं ते थंडीत, पहाटेचं, पाण्यावर. तिथला कायदा नेमका उलटा. धुक्यात वाट चुकलेला होडीवाला एकदाच हाक मारतो आणि वल्हं थांबवून कान देतो. काठावर जो कोणी ऐकेल, मग ती धुणं धुणारी बाई असो की शेळ्या राखणारं पोर, त्याने ताबडतोब ओ द्यायची, थाळी असली तर बडवायची. त्या आवाजावर होडी काठाला येते. "सारखा बोंबलनारा आपल्याच आवाजात बुडतो," असं माझा मामा म्हणायचा. आईचा तो धाकटा आणि एकुलता एक भाऊ. आईला तो 'ताय' म्हणायचा.

आईने हा कायदा लग्नानंतर बासनात बांधून ठेवला होता. माहेरचं मीठ सासरच्या कालवणात चालत नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं. मला दोन्ही कायदे पाठ होते आणि दोन्ही खरे वाटायचे. डोंगरात आत्याचा खरा आणि पाण्यावर आईचा, एवढी साधी वाटणी मी मनात करून टाकली होती. मोठ्या माणसांना ती का जमली नाही, याचा मला पुढे बरीच वर्षं राग येत राहिला.

मामाकडे एक मचवा होता. एका शिडाची ती लाकडी बोट घेऊन तो भात, कौलं, जळाऊ लाकूड अशी ने-आण खाडीतून करायचा. एका पौषात तो आमच्याकडे आला. आत्याला हरिहरेश्वराला जाऊन नवऱ्याच्या नावाने काही विधी करायचा होता आणि ती गोष्ट कित्येक वर्षं राहून गेली होती. मामा म्हणाला, "वन्सं, यस्टीचे धक्के कशापायी खाता? मी नेतो ना मचव्यातनं. पालखीत बसल्यागत जाल." तो आईच्या नात्याने आत्याला वन्सं म्हणायचा, आणि ती त्याच्यावर खूश असायची. तिच्या तोंडावर थट्टा करायची हिंमत असलेला तो एकटाच होता.

दासगावच्या बंदरावर आम्ही मचव्यात चढलो. आई, आत्या, मी, मामा आणि त्याचा एक म्हातारा खलाशी. आत्याने चढताना डोळे मिटून घेतले आणि मग ते बराच वेळ उघडलेच नाहीत. "आता काय दरियात उडी मारनार हाय का मी, का असं मला घट धरलंय?" असं ती मला म्हणाली. वास्तविक तिनेच मला धरलं होतं. मामाने हात करून सव हे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव कुठे ते दाखवलं तेव्हा तिथल्या देवाला म्हणून तिने डोळे न उघडताच हात जोडले, आणि मामा इतका हसला की सुकाणू सुटता सुटता राहिलं.

ओहोटी आमच्या बाजूची होती. काठाची कांदळाची झाडी मागे सरत होती, चिखलात बगळे उभे होते, आणि खाडी रुंदावत चालली होती. तुडील आलं तेव्हा आईने पदर हलवला. काठावरून कुणीतरी ओ दिली. आई लहान मुलीसारखी उठून उभी राहिली. सासरी मी तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खाडीच्या मुखाशी, बाणकोटच्या समोर मामाने नांगर टाकला. डाव्या हाताला टेकडीवरचा किल्ला, खाली बंदर आणि माडांत घरं. उजवीकडे खाडीचं रुंद पाणी. पुढे समुद्र. तो दिसत नव्हता, पण लाटा फुटल्याचा आवाज यायचा, कोणीतरी लांब गोणी ओढत असल्यासारखा. खलाशाची लेक बाणकोटात दिली होती. तो मचव्याच्या छोट्या होडीतून तिकडे मुक्कामाला गेला, आणि त्याला सोडून मामा होडी घेऊन परत आला. सकाळी त्याला आणायचं, गोडं पाणी भरायचं, पलीकडच्या काठाला लागायचं आणि चालत हरिहरेश्वर, असा बेत होता.

मचव्याच्या डाव्या कडेला पाण्याचं पिंप बांधलेलं होतं. उजव्या कडेला पत्र्याच्या डब्यात माती थापून केलेली चूल होती. आम्हा डोंगरच्या माणसांना तिथे दिशा कळायला एवढ्याच दोन खुणा होत्या. पिंपाकडे बाणकोट, चुलीकडे मोकळं पाणी. आत्याने तर झोपताना मला बजावून चुलीच्या बाजूला पाठ करायला लावली. त्या बाजूला काही नव्हतं, आणि जिथे काही नसतं तिथून काहीही येतं असं तिचं म्हणणं.

सकाळी उजाडता उजाडता मामा निघाला. पिंपाच्या बाजूने तो होडीत उतरला, रिकामी घागर आत घेतली आणि म्हणाला, "ताय, चाय टाकून ठेव. हा गेलो नि हा आलो." किल्ला तेव्हा स्वच्छ दिसत होता.

धुकं नंतर आलं. ते समुद्राकडून आलं की खाडीतून वर उठलं, सांगता येणार नाही. आधी किल्ला गेला, मग बंदर, मग माझ्यासमोरचं पाणी. आमच्या डोंगरातलं धुकं चालत असतं, त्याला वाऱ्याची सोबत असते. हे धुकं नुसतं बसलं. लाटांचा आवाजही त्याने गिळला. नांगराची दोरी एकदा कुरकुरली, मचवा किंचित हलल्यासारखा वाटला आणि सगळं शांत झालं. इतकं शांत की चुलीतलं लाकूड तडकलं तरी आत्या दचकली.

आईने चहा उतरवला. आत्या परातीत तांदळाचं पीठ मळायला बसली. मामा येईना. आई दर थोड्या वेळाने पिंपाकडे बघायची. तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. चहा निवला. आईने तो पुन्हा चुलीवर ठेवला.

तेव्हा हाक आली.

"ताय गो!"

मामाचाच आवाज. अगदी जवळचा, पण चुलीच्या बाजूने आलेला.

आईने ओ द्यायला तोंड उघडलं. आत्याने पिठाचा हात तसाच तिच्या तोंडावर दाबला. "गप!" ती कुजबुजली. "भाऊ तुजा कुनीकडं गेलाय? तिकडं. पिंपाकडं. नि ही हाक कुनीकडनं आली?"

आईने पिंपाकडे पाहिलं, मग चुलीकडे. मला तिचा चेहरा अजून दिसतो. आत्याने नुसतं तोंड दाबलं असतं तर आईने हात झटकला असता, एवढं तिचं बळ मला ठाऊक होतं. पण तिलाही ते पटलं होतं. भाऊ डावीकडे गेला होता आणि आवाज उजवीकडून येत होता. जिथे काही नव्हतं तिथून. मी परातीजवळ सरकले.

आम्ही तिघी ऐकत बसलो. बाहेरही कुणीतरी ऐकत बसलं आहे, असं मला त्या वेळी अगदी स्पष्ट वाटलं.  

दुसरी हाक बऱ्याच वेळाने आली. आता ती लांबून होती, आणि पिंपाकडूनही नव्हे, चुलीकडूनही नव्हे, मागच्या बाजूने. नुसतं "गो" एवढंच ऐकू आलं.

आत्याने दोन बोटं वर केली. "दोन झाल्या. तिसरी येऊ दे. तिसरी आली की तुज्याबरोबर मी पन ओरडते."

आम्ही तिसरीची वाट पाहिली. आई मान पुढे काढून, श्वास धरून बसली होती. तिसरी आली नाही. मग आईने आत्याला ढकललं, चहावर झाकलेली थाळी उचलली आणि उलथन्याने बडवायला सुरुवात केली. "ओ!" ती ओरडली. "ओ! हितं हाय! ओ रे!" तिचा घसा फाटेपर्यंत ती ओरडत राहिली. आत्या देवाचं नाव घेत होती. धुक्यातून काहीही परत आलं नाही, आमचा स्वतःचा आवाजसुद्धा नाही.

धुकं उठलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मी पहिल्यांदा पिंपाकडे पाहिलं. तिथे मोकळं पाणी होतं. मान वळवली तर बाणकोटचा किल्ला चुलीच्या बाजूला उभा होता.

मला वाटलं किल्ला धुक्यातून चालत पलीकडे गेला. मी तसं म्हणालेही. आई मात्र एका क्षणात समजली. ती खाली बसली आणि तिने नांगराच्या दोरीला हात लावला. भरती संपून ओहोटी लागली की नांगरावरची बोट पाण्याबरोबर तोंड फिरवते. तुडीलच्या काठावर लहानपणी तिने शंभरदा पाहिलेली गोष्ट. पण काठावरून पाहणं वेगळं, आणि धुक्यात त्याच बोटीत बसून डावं-उजवं मोजणं वेगळं. मचव्याने आमच्याखाली गुपचूप कूस बदलली होती आणि आम्ही पिंपाच्या नि चुलीच्या भरवशावर बसलो होतो. मामा बाणकोटहूनच येत होता. त्याने त्यांच्या रिवाजाप्रमाणे एक हाक मारली, वल्हं थांबवलं आणि बहिणीच्या ओची वाट पाहिली. तेवढ्यात ओहोटीने त्याला आमच्या मागून समुद्राकडे ओढून नेलं.

आईच्या गालांवर आत्याची पाच बोटं पिठाची उमटलेली होती. ते पीठ पुसायचं कुणाला सुचलं नाही.

खलाशी दुसऱ्या कुणाच्या होडीतून आला. "नाखवा कुठं हाय?" असं त्याने विचारलं. आपल्याला यायला उशीर झाला म्हणून नाखवा पाणी भरून एकटाच पुढे निघाला, असं तो सांगत होता. सांगता सांगता आमच्या तोंडाकडे पाहून तो थांबला. होडी पुढे दोन दिवसांनी वाळूवर सापडली. पालथी. मामा सापडला नाही.

त्यानंतर आत्या आणि आई त्या सकाळबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघी एका चुलीवर रांधायच्या, एका परातीत मळायच्या. फक्त आई आत्याच्या हाताची भाकरी खाईनाशी झाली. स्वतःची वेगळी थापायची. आत्या ते बघायची. मी मात्र तिच्यावर मनातल्या मनात दात खात होते.

दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. वाडीतल्या बायका आईला म्हणायच्या, "चंद्राला ओवाळ गो, सोडू नये." आई म्हणायची, "मला भाऊ हाय." ती पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची आणि तबक लावून रिकाम्या पाटासमोर बसून राहायची. ज्योत विझली की पाट उचलायची. मला तो पाट बघवत नसे. त्यावर कुणीतरी बसलंय आणि ते ओलं आहे, असं वाटायचं.

दुसरी गोष्ट धुक्याची. पावसाळ्यात डोंगरावर धुकं उतरलं की आई काम टाकून अंगणाच्या कडेला जायची आणि ओ द्यायची. हाक आलेली नसताना. एकदाच, खणखणीत. मग कान देऊन उभी राहायची. वाडीत कुजबुज झाली की हिला लागीर झालंय.  आत्या आतूनच म्हणायची, "नको गो वयनी, ओ देऊ नको. काय येल त्येच्यामागनं?" आई वळूनही पाहायची नाही. कोण येईल याचीच तर ती वाट पाहत होती.

अशी काही वर्षं गेली. मी परकरातून साडीत आले. त्या वर्षी भाद्रपदात आत्याला ताप आला आणि तिचा घसा असा बसला की काही हवं असलं तर ती भांडं वाजवायची. तापातून उठली तशी मात्र तिला घरात चैन पडेना. दुपारी कुणाला न सांगता ती वरच्या नाचणीच्या शेताकडे गेली. डुकरांनी काय नासलंय ते बघायला असणार. तिला नासाडी मोजल्याशिवाय झोप येत नसे.

धुकं नेहमीसारखं चालत आलं, पण अंगणात आल्यावर थांबलं. वारा पडला. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला मान वळवून ऐकताना पाहिलं, एरवी ती आधी ओ द्यायची.

"ओ!" ती म्हणाली, आणि सूप फेकून उठली.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तिने मला हाताला धरून ओढलं, दुसऱ्या हातात थाळी घेतली. मी घाबरले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आज ही नक्की कड्यावर जाणार आणि मलाही नेणार, असं वाटून मी रडायला लागले. ती थाळी बडवत, ओ देत सरळ चढत गेली. पायवाट सोडून. कुणीतरी पुढे बोलतंय आणि ती त्याला उत्तर देतेय, अशी.

आत्या कड्याच्या तोंडाशी बसलेली होती. पाय मुरगळला होता, धुक्यात तिला शेत कुठे आणि दरी कुठे हे कळत नव्हतं, आणि ती बुडावर बसून सरकत सरकत नेमकी दरीच्या बाजूला चालली होती. तिच्या पायाखालचे दगड सुटून खाली जात होते, ते पडल्याचा आवाजही येत नव्हता. आईने तिला बगलेत धरून मागे ओढलं आणि तिघी ओल्या गवतात पडलो.

आत्याने बोलायचा प्रयत्न केला. तोंड हललं, आवाज नाही. मग आईच्या कानाशी लागून ती काहीतरी म्हणाली. मी जवळच होते, मला ते ऐकू आलं.

"मी हाक मारली नाय गो. मला घसाच नाय."

 आई थाळी खाली ठेवून म्हणाली, "तिसरी आली, वन्सं."

आत्याने तिच्या मांडीवर डोकं घातलं आणि ती रडली. रडण्यालाही आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. धुकं पुढे सरकलं तेव्हा दरीच्या तळाशी सावित्री दिसली, पावसाने लाल झालेली. ती तशीच महाड, दासगाव, तुडील करत बाणकोटला जाते, हे त्या वेळी मला पहिल्यांदा सुचलं.

त्या रात्री आईने आत्याच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. आणि त्या वर्षी भाऊबीजेला पाट मांडला नाही. बीजेची कोर आमच्याकडे फार थोडा वेळ दिसते, पश्चिमेचा डोंगर तिला लगेच गिळतो. आई घाईने अंगणात आली आणि तिने चंद्राला ओवाळलं. वारा होता म्हणून आत्या लंगडत येऊन तिच्याशेजारी उभी राहिली, आणि तिने ज्योतीला हाताचा आडोसा धरला.